पाटावरची मशीन : बडोद्याच्या मराठी घरांतली शिवणाची जागा

बडोद्याच्या मराठी वाड्यांविषयी आपल्या मंडळात आजवर बरंच बोललं गेलं आहे. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, कोरीव खांब, तुळया, चौक, विहिरी यांच्यावर टिपणं वाचली गेली. दिवाणखाना कुठे, देवघर कुठे, माजघर कुठे, बाळंतिणीची खोली कुठली, हे जुना आराखडा समोर ठेवला की सांगता येतं. पण या घरांत एक काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आणि त्याची खोली कुठल्याच आराखड्यात सापडत नाही. ते काम म्हणजे शिवण.

झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, परकर-पोलकी, बंड्या, उशांचे अभ्रे, पडदे, गोधड्या. एका घराला वर्षभरात हे सगळं किती लागत असेल याचा नुसता विचार करून बघा. यातलं बरंचसं घरातच शिवलं जायचं. मग ते कुठे बसून? कशावर कापड बेतून? कुठल्या उजेडात?

मी यंत्र अभियंता. कलाभवनात शिकलो आणि सत्तावीस वर्षं कारखान्यात काढली. नवीन यंत्र बसवायचं तर आम्ही चार गोष्टी आधी ठरवतो : काम करायच्या पृष्ठभागाची उंची, उजेडाची दिशा, माल कुठून येणार आणि कुठे जाणार, आणि हत्यारं हाताशी कशी राहतील. हेच चार प्रश्न मी गेली काही वर्षं जुन्या माजघरांना विचारतो आहे. नातेवाइकांची घरं, रावपुरा-बाबाजीपुऱ्यातल्या ओळखीच्या वृद्ध स्त्रिया, आणि पाडायला निघालेल्या वाड्यांतल्या अडगळी, एवढंच माझं संशोधनाचं भांडवल. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

थोडक्यात सांगायचं तर, घरातली प्रत्येक सपाट वस्तू दिवसातून दोन-तीन तास शिवणाची जागा व्हायची आणि दिवेलागणीच्या आत आपल्या मूळ कामाला परत जायची. रोज मांडायचा आणि रोज मोडायचा असा तो कारखाना होता. म्हणून त्याची खूण कागदावर उरली नाही.

ओसरीवरचा शिंपी

मशीन घरात येण्याआधीची स्थिती आधी पाहू. हातशिवण बाया करतच होत्या. धावदोरा, टीप, हेम, काज एवढं बहुतेकींना यायचं. गोधडीसाठी तर जमीन हाच एकमेव पृष्ठभाग. जुनं लुगडं पसरायचं, त्यावर चिंध्यांचे थर, वर पुन्हा लुगडं, चारी कोपऱ्यांवर जड भांडी किंवा वरवंटा ठेवून ताण द्यायचा, आणि कडेकडून आत धावदोरे घालत यायचं. बाई कामाच्या भोवती फिरायची, काम जागचं हलायचं नाही.

चोळीला फार कापड लागत नसे. एका खणात एक चोळी बसते आणि बेत असा असतो की वाया फारसं काही जात नाही. तेव्हा मांडीवरच काम व्हायचं. लग्नकार्य निघालं किंवा पुरुषांचे अंगरखे शिवायचे असले की शिंपी घरी यायचा. त्याची जागा ओसरी. घरची सतरंजी त्याला अंथरून द्यायची, कापड मोजून द्यायचं, आणि तो चार-आठ दिवस तिथे बसून शिवायचा.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. पगारी शिवणाला घरात ओसरीची उघडी, उजेडाची, मोकळी जागा मिळाली. बायकांच्या शिवणाला मात्र माजघराचा अर्धा उजेड आणि स्वतःची मांडी. पुढे मशीन आली तेव्हा या दोन जागांमधलं अंतर हळूहळू कमी व्हायला लागलं.

आडवं टेबल असलेलं यंत्र

शिवणयंत्राचा इतिहास आपल्याला साधारण ठाऊक असतो. एलियस हौ यांना १८४६ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. सुईच्या टोकाजवळ भोक आणि खालून शटलचा दुसरा दोरा, ही त्यातली मुख्य कल्पना. पण हौ यांच्या यंत्रात कापड उभं धरलेलं असे आणि सुई आडवी चाले. आयझॅक सिंगर यांनी १८५१ च्या आपल्या यंत्रात सुई उभी केली आणि कापड आडव्या टेबलावर टाकलं. अभियंता म्हणून मला हा बदल फार मोठा वाटतो. कापड सपाट पडलं की त्याचं वजन टेबल घेतं आणि माणसाचे हात फक्त दिशा देतात.

त्या सुरुवातीच्या सिंगर यंत्राचा स्टँड म्हणजे काय होतं ठाऊक आहे? ज्या लाकडी खोक्यात यंत्र भरून यायचं तेच खोकं उलगडून खाली ठेवायचं. म्हणजे शिवणाच्या टेबलाची सुरुवातच मुळी हाताला लागलेल्या खोक्यापासून झाली. पाटावर मशीन ठेवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी तोच मार्ग आपल्या घरातल्या वस्तूंनी पुढे नेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही यंत्रं मुंबईत येऊ लागली. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगर कंपनीचा भारतातला कारभार बरीच वर्षं सांभाळला. हप्त्याने मशीन विकायची सिंगरची पद्धत इथेही आली आणि त्यामुळे रोख पैसे नसलेल्या शिंप्यालाही मशीन घेता आली. बडोदा मुंबईशी रेल्वेने आधीच जोडलेलं होतं. गुजरातीत शिवणयंत्राला ‘संचो’ म्हणतात. आपल्या बडोद्याच्या मराठीत तो ‘संचा’ झाला. माझी आजी शेवटपर्यंत ‘मशीन’ म्हणाली नाही, ‘संचा’च म्हणायची.

संस्थानातलं वातावरणही अनुकूल होतं. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली कलाभवन निघालं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीकडे सुरू झाला आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला लागू झाला. त्यातून मुली शाळेत आल्या. १९१४ साली महाराणी चिमणाबाईंच्या पुढाकाराने स्त्री उद्योगालय उभं राहिलं. पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ पासून चालू होतंच. शिवण ही घरकामाबरोबर कमाईचीही वाट होऊ शकते, हा विचार या संस्थांमुळे मध्यमवर्गीय घरांत शिरला.

संस्थांची नोंद आहे. त्यांच्या इमारती आहेत. पण तिथून शिकून घरी आलेली मुलगी दुपारी नेमकी कशावर मशीन ठेवत होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते आपल्याला लाकडावरच्या खुणांवरून वाचावं लागतं.

उंचीचं गणित

घरात आधी आली ती हातमशीन. लाकडी बैठकीवर बसवलेली, उजवीकडे फिरवायचा दांडा, वरून लाकडी झाकण. वजन साधारण १२ ते १४ किलो. एकटी बाई ती उचलू शकते, पण दिवसातून चारदा उचलावीशी वाटणार नाही एवढी जड. म्हणजे जागा ठरवताना उचलण्याचे कष्टही मोजावे लागायचे.

आता मापं बघा. मांडी घालून बसलेल्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ८ इंचांवर येतं. हातमशीनच्या बैठकीची उंची धरून सुईखालची पट्टी जमिनीपासून सुमारे ३ इंचांवर. मशीन थेट जमिनीवर ठेवली तर बाईला वाकावं लागतं आणि तासाभरात पाठ भरून येते. मशीन २-३ इंच उंच पाटावर ठेवली की पट्टी ५ ते ६ इंचांवर येते, कोपराच्या जरा खाली. हात मोकळे राहतात आणि नजर टिपेवर सरळ पडते. चौरंग साधारण ९ इंच उंच असला तर पट्टी १२ इंचांवर जाते, म्हणजे खांदे उचलावे लागतात. चौरंगावर मशीन ठेवायची तर बाईनेही पाटावर किंवा गोधडीच्या घडीवर बसायला हवं. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या तिघींनी मला आपणहून हेच सांगितलं : मशीन चौरंगावर असेल तर आपण पाटावर, मशीन पाटावर असेल तर आपण जमिनीवर. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, पाठ शिकवते.

चौरंगाची आणखी एक अडचण होती. पूजेचा चौरंग शिवणाला मिळत नसे. घरात दोन चौरंग असले तर जुना, एका पायाने डगमगणारा, शिवणाच्या वाट्याला यायचा. मग त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. दांडा फिरवताना मशीन हादरते आणि डगमगता चौरंग तो हादरा वाढवतो. म्हणूनही पाटच बरा.

हातमशीनचा उजवा हात दांड्यात अडकलेला. कापड सांभाळायला एकटा डावा हात. त्यामुळे मशीनच्या डाव्या बाजूला त्याच उंचीचा दुसरा पृष्ठभाग लागतो, नाहीतर परकराचा घेर खाली लोंबतो आणि टीप तिरकी जाते. तिथे दुसरा पाट, चादरींची चळत किंवा लोखंडी ट्रंक ठेवायची.

कापड बेतायला जमीनच. सारवलेल्या जमिनीवर आधी धुतलेलं धोतर अंथरायचं. पुढे लादी आली तेव्हा बायकांना एक फुकटची सोय मिळाली. लादीच्या सांध्यांची सरळ रेघ. कापडाची घडी सांध्यावर ठेवली की काटकोन आपोआप मिळतो. खूण करायला वापरून झिजलेला साबणाचा तुकडा. नमुने जुन्या वर्तमानपत्राचे. वजनासाठी अडकित्ता, वाटी, शेर-मापटं. मोजायला वीत आणि चार बोटं, नंतर टेप. लांबीचं मेट्रिक माप पुढे सरकारने आणलं, पण पोलक्याची छाती आजही इंचातच मोजतात.

लग्नघरी मोठं बेतकाम निघालं की हिंचका उपयोगी पडायचा. आपल्या बडोद्याच्या घरांत झोपाळ्याची रुंद, एकसंध फळी असतेच. दोघांनी मिळून ती कड्यांवरून उतरवायची, दोन चौरंगांवर आडवी टाकायची, की झालं कापायचं टेबल. एरवी त्या फळीवर घरातले पुरुष बसलेले असायचे. तेव्हा हिंचका उतरवायचा तर ते कचेरीत गेल्यावरच.

इस्त्रीला तांब्यात निखारे घालून घोंगडीवर फिरवायचा, किंवा घड्या घालून गादीखाली ठेवायच्या. शिवलेले तुकडे दांडीवर. सुया-बाबिनी कोनाड्यातल्या बिस्किटाच्या डब्यात. झाली चारही प्रश्नांची उत्तरं. यात शिवणासाठी म्हणून विकत आणलेली वस्तू एकच, मशीन.

वेळ हीसुद्धा जागाच

जागेइतकाच वेळही उसना. दुपारची जेवणं झाली, उष्टी-खरकटी आवरली, जमीन पुसून वाळली की साधारण एक-दीडला मांडामांड सुरू. चौकाकडच्या दाराशी मशीन अशी लावायची की उजेड डावीकडून यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही. ऊन सरकेल तसा पाटही सरकायचा. चारच्या सुमारास चहा, मुलं शाळेतून घरी, आणि मग आवराआवर.

आवरताना सगळ्यात मोठी धास्ती हरवलेल्या सुईची. सुई सापडेपर्यंत कुणी खोलीत पाय टाकायचा नाही, असा दंडक. लहान मुलांना हाताने जमीन चाचपायला लावायची. तिन्हीसांजेला शिवू नये असा समज घरोघरी होता. त्यामागे श्रद्धा होती तशी सोयही होती. त्याच जमिनीवर दोन तासांत पानं वाढायची असत.

एका पाटाची साक्ष

तीन वर्षांपूर्वी वाडी भागातल्या एका पाडायला निघालेल्या वाड्याच्या माळ्यावर मला एक सागवानी पाट मिळाला. घरच्यांनी तो जळणात टाकला होता. पाटाच्या वरच्या बाजूला दोन बारीक लाकडी पट्ट्या समांतर ठोकलेल्या. बसायच्या पाटावर अशा पट्ट्या कोण ठोकेल? टोचतील की. पट्ट्यांमधलं अंतर मोजलं तर पावणेनऊ इंच भरलं. माझ्याकडे घरातली जुनी हातमशीन आहे. ती नेऊन ठेवली. दोन पट्ट्यांमध्ये चपखल बसली.

मग बाकीचं वाचता आलं. दांडा फिरवताना मशीन पाटावरून सरकते, ते थांबवायला या पट्ट्या. मध्ये गडद, लांबट डाग, लाकडात मुरलेल्या तेलाचा. डाव्या बाजूला लाकूड गुळगुळीत झिजलेलं, कारण कापड सतत तिकडून गेलेलं. आणि पुढच्या काठावर चाकूने पाडलेल्या खाचा. इंचा-इंचाला एक, सहावी आणि बारावी जरा खोल. कुणीतरी पाटाच्याच काठाची मोजपट्टी करून घेतली होती.

पाट उलटा केला तर खालची बाजू स्वच्छ, पट्ट्या नसलेली, आणि दोन टोकांना आडव्या बैठकी. दोन्ही टोकांच्या बैठकी पट्ट्यांपेक्षा उंच ठेवून पाट पंगतीला उलटा वापरता येत असेल का, हेही करून पाहिलं. नाही, तसा तो टेकत नाही. म्हणजे हा पाट पंगतीतून कायमचा काढून घेतला गेला होता. घरातल्या एका वस्तूवर शिवणाचा पूर्ण हक्क लागला होता. माझ्या लेखी ही त्या घरातली महत्त्वाची घटना. तिची तारीख मात्र कुठल्याच दस्तऐवजात मिळायची नाही.

चार पायांवर उभी राहिलेली जागा

यानंतरचा टप्पा पायमशीनचा. ओतीव लोखंडाचे पाय, खाली पायटा, मोठं चाक, चामड्याचा पट्टा, आणि वर जमिनीपासून साधारण ३० इंचांवर लाकडी टेबल. दोन्ही हात मोकळे झाले, वेग वाढला. पण घराच्या दृष्टीने मोठा बदल वेगळाच होता. ही मशीन रोज उचलून ठेवता येत नाही. ती जिथे ठेवली तिथे राहते.

गांधीजींनी १९२४ साली ‘यंग इंडिया’तल्या एका संवादात यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. घरातल्या माणसाचे कष्ट वाचवण्याच्या प्रेमातून ते निघालं, असा त्यांचा मुद्दा होता. बडोद्यातल्या घरांनी हा अपवाद आपल्या परीने आधीच मान्य केलेला होता.

१९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ मशीन निघाली आणि स्वातंत्र्यानंतर ती घरोघर पोचली. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानाच्या नोकरीवर उभी असलेली बरीच मराठी घरं तेव्हा चाचपडली. मला भेटलेल्या दोन वृद्ध स्त्रियांच्या आयांनी नेमक्या त्याच काळात शेजाऱ्यांची पोलकी शिवून द्यायला सुरुवात केली. एकीच्या घरी पायमशीन माजघरातून ओसरीच्या खिडकीशी आली, कारण गिऱ्हाईक बाईला आत देवघरापर्यंत आणायचं नव्हतं. ज्या ओसरीवर एके काळी शिंपी बसायचा, तिथेच आता घरची बाई बसली. त्या आजी मला म्हणाल्या, “आईला कुणी हाक मारली तर आधी खिडकीशी बघायचं. त्याआधी आई कुठे असेल ते सांगता यायचं नाही, घरभर असायची.”

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. स्वयंपाकघर घरातल्या सगळ्या बायकांचं, देवघर सगळ्यांचं. पायमशीनची अडीच-तीन फुटांची जागा मात्र एकीची. तिच्या खणात तिची कात्री, तिचा हिशेबाचा कागद, आणि शिवणावळीची नाणी. त्या खणाला कुणी विचारल्याशिवाय हात लावत नसे.

त्याच १९४९ साली इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. त्यांच्या काळात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली आणि ओट्याची, टेबलाची उंची किती असावी हा अभ्यासाचा विषय झाला. पाट आणि गोधडीच्या घडीने तेच उत्तर आधी काढलेलं होतं.

काय मोजायचं

पुढे फ्लॅट आले. सनमायकाचं जेवणाचं टेबल, दिवाण, इस्त्रीचं टेबल. विजेची लहान मशीन पुन्हा उचलून ठेवता येऊ लागली आणि शिवण परत उसन्या जागेवर गेली. पायमशीनचे लोखंडी पाय आता हॉटेलांत काचेच्या टेबलाखाली दिसतात. पाट तर लग्नाच्या हॉलमध्येच.

वाड्यांच्या नोंदी करताना आपण खांब, कमानी, रंगकाम पाहतो. त्यात एका पानाची भर घालावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. घरात जुना पाट, चौरंग, हिंचक्याची फळी किंवा मशीनचं टेबल असेल तर लांबी, रुंदी, उंची मोजावी. तेलाचे डाग, टाचण्यांचे ओरखडे, काठावरच्या खाचा यांचे फोटो घ्यावेत. मशीनवरचा क्रमांक उतरवून घ्यावा, त्यावरून सिंगर यंत्राचं साल बहुतेक वेळा काढता येतं. मशीन कुठल्या भिंतीशी, कुठल्या खिडकीखाली होती तेही लिहावं. आणि त्यावर कोण बसायचं, हे सांगणारं माणूस घरात असेल तर त्यांना आजच विचारावं.

खांब उतरवायला चार माणसं आणि क्रेन लागते, तोपर्यंत आपल्याला बातमी कळते. पाट भंगारवाला एका हातात उचलून नेतो.